चरचरणाऱ्या ट्रेबलसाठी शनिवारी जमवून ठेवायचं सामान

लातूरकडच्या आमच्या जुन्या माळवदाच्या घरात जे स्पीकर कानाला गोड लागायचे, तेच स्लॅबच्या नव्या घरात अर्ध्या तासात डोकं उठवू लागले. वायर बदलली, ॲम्प्लिफायर बदलला. पैसे गेले, ट्रेबलची, म्हणजे वरच्या बारीक सुरांची, चरचर राहिली. मातीच्या भिंती, लाकडी तुळया, कोपऱ्यातली ज्वारीची पोती मागे राहिली होती. इथे खाली फरशी, वर सिमेंट, समोर काच. म्हणून नवं काही विकत घेण्याआधी एक रविवार खोलीला द्या, आणि सामान शनिवारीच जमवा.

आधी गाणी निवडा. तुम्हाला पाठ असलेलं एखादं बाईच्या आवाजातलं गाणं हवं, ज्यात स, श, च वारंवार येतात. दुसरं, टाळ-मृदंगाचं भजन. खरा टाळ आपण गावच्या सप्ताहात शेजारी बसून ऐकलेला असतो. त्याला धार असते, पण मागून नाद लांबत जातो. नाद हरवून नुसतं 'चर्र' उरलं, तर काहीतरी बिघडलं आहे. फाइल सीडीवरून घेतलेली किंवा फ्लॅक (आवाजातलं काही न गाळणारी) असू द्या. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे बरीच दाबून लहान केलेल्या, एमपी थ्रीत टाळ आधीच विस्कटलेला असू शकतो, आणि दोष उगाच खोलीवर जातो.

एक हेडफोन आणि एक स्टूल बाजूला काढून ठेवा. हेडफोनवरही तोच तुकडा टोचला, तर बहुधा ध्वनिमुद्रणच तसं आहे. नाही टोचला, तर स्टूल एका स्पीकरपासून अडीच फुटांवर ठेवून त्याच्यासमोर बसा. तिथे आवाज मऊ वाटला, तर गुन्हेगार खोली. तिथेही टोचला, तर स्पीकर किंवा ॲम्प्लिफायर. ही पाच मिनिटं मी आधी दिली असती, तर ॲम्प्लिफायरचा खर्च वाचला असता.

वेळ सकाळची धरा, कूलर लावायच्या आत. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीवर मात करायला आपण आवाज वाढवतो, आणि माणसाचा कान साधारण २ ते ५ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात सर्वात हळवा असतो, तिथेच आधी दुखतं. फक्त मोठ्या आवाजातच चरचर येत असेल, तर ॲम्प्लिफायरचा दम संपत असू शकतो. लगेच आवाज कमी करा, नाहीतर ट्विटर (स्पीकरमधला वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) जळू शकतो.

आता मुख्य सामान. एक हातआरसा, खडू आणि मदतीला घरातलं पोरगं. तुम्ही नेहमीच्या जागी बसा, त्याने आरसा बाजूच्या भिंतीवरून सरकवावा. जिथे ट्विटर दिसेल तिथे खूण. आवाज तिथूनच आपटून कानावर येतो. त्या जागांसाठी पिंजलेल्या कापसाच्या दोन गाद्या हव्यात, किमान २ इंच जाड. कारण सोपं आहे: २ किलोहर्ट्‌झची लहर सुमारे १७ सेंटिमीटरची असते, आणि तिला चांगलं शोषायला तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे चारेक सेंटिमीटर जाडी लागते. पातळ पडद्याने हे काम होत नाही. आपल्याकडे कापसाला तोटा नाही, गादीवाला अशी गादी सहज भरून देतो. तुमच्या आणि स्पीकरच्या मधल्या फरशीवर सतरंजी, वर दुहेरी दुमडलेली वाकळ. पण सगळ्या भिंती गाद्यांनी झाकू नका. गादी खर्जाला हात लावत नाही, मग खोली घुमी होते.

मोजपट्टीही घ्या. जमिनीवरच्या बैठकीत कान खाली येतो, खुर्चीवर वर जातो; तो ट्विटरच्या किती वर किंवा खाली आहे ते मोजा. स्पीकर कानाकडे वळवलेले असतील, तर थोडे सरळ करून ऐका. बाजूने ऐकलं की वरचे सूर आपोआप उतरतात.

एक वहीसुद्धा हवी. एका वेळी एकच बदल करा, तो लिहा, आणि प्रत्येक वेळी आवाज तेवढाच ठेवा, कारण जरासा मोठा आवाज नेहमी जास्त चांगला वाटतो.

सोल्डरिंग येत असेल, तरच १ ओहम, १० वॅटचे दोन रेझिस्टर आणून ठेवा. ८ ओहमच्या प्रत्येक ट्विटरला एकेक, क्रॉसओव्हरनंतर (स्पीकरमधला सूर वाटून देणारा भाग) सिरीजमध्ये जोडला की साधारण १ डेसिबल उतरतं. माझे दोन्ही अजून पाकिटातच आहेत. गाद्या आणि वाकळेनंतर ते काढायची गरज पडली नाही.