सरळ रस्ता, खांब आणि कौलारू घर: एकबिंदू यथार्थदर्शनात या चुका टाळा

सरळ लांब जाणारा रस्ता, एका कडेला विजेचे खांब, दुसऱ्या कडेला झाडं, रस्त्यालगत कौलारू घर आणि मागे डोंगर. वन पॉइंट पर्स्पेक्टिव्ह, म्हणजेच एकबिंदू यथार्थदर्शन (दूर जाणाऱ्या समांतर रेषा एकाच बिंदूला मिळताना दाखवण्याची पद्धत) शिकणारे बहुतेक जण याच चित्रापासून सुरुवात करतात आणि त्यासाठी हा विषय खरोखर चांगला आहे. तरीही चित्र पुरं झालं की काहीतरी खटकतं. रस्ता उभा चढलेला दिसतो, घर मोडल्यासारखं वाटतं, माणसं जमिनीवर टेकत नाहीत. माझ्या मते यातल्या बहुतेक चुका एकाच ठिकाणी जन्माला येतात: बघणारा कुठे उभा आहे आणि त्याचे डोळे किती उंचीवर आहेत, हे ठरवण्याआधीच रस्ता काढायला घेतलेला असतो.

डोंगराच्या कडेला क्षितिज समजणं

क्षितिजरेषा म्हणजे तुमच्या डोळ्यांची उंची. कोकणात समुद्रासमोर उभं राहिलं की ती स्वच्छ दिसते. घाटाच्या बाजूला मात्र ती डोंगरांआड जाते, म्हणून नवशिका डोंगराच्या माथ्याची रेषाच क्षितिज धरतो आणि रस्ता थेट तिथपर्यंत चढवतो. दूरच्या डोंगराचा पायथा क्षितिजरेषेच्या आसपास असतो, डोंगर तिच्या वर उभा राहतो. डोंगर काढायचे असोत वा नसोत, आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक फिकट आडवी रेषा मारा. ती तिरकी होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना खालच्या कडेपासून मोजून खूण करा.

ही रेषा कागदाच्या बरोबर मधोमध आली की आकाश आणि जमीन यांचे दोन सारखे तुकडे पडतात आणि चित्र अडखळतं. आडव्या ए-फोर कागदाची उंची 21 सेंमी असते. आकाश महत्त्वाचं असेल तर रेषा खालून 7 सेंमीवर घ्या, शेतं दाखवायची असतील तर 13-14 सेंमीवर. डच चित्रकार मेइंडर्ट हॉबेमा यांचं 1689 मधलं मिडेलहार्निसच्या रस्त्याचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दोन्ही बाजूंना उंच सडपातळ झाडं, मधून सरळ रस्ता आणि क्षितिज बरंच खाली. त्यामुळेच ती झाडं इतकी उंच वाटतात. आंतरजालावर ते चित्र शोधा आणि रस्त्याच्या दोन्ही कडांवर पट्टी धरून बघा.

रस्ता उभा चढल्यासारखा दिसत असेल तर बहुधा क्षितिज फार वर गेलेलं असतं. गच्चीवरून बघताना रस्ता तसाच दिसतो, त्यात चूक काहीच नाही. पण मग घराचं छप्परही वरून दिसायला हवं. रस्ता गच्चीवरून आणि घर जमिनीवरून पाहिलेलं असलं की एकाच कागदावर दोन बघणारे येतात.

दूरची माणसं चुकीच्या जागी

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी सांगितलं जातं. शासकीय रेखाकला परीक्षेसाठी स्मरणचित्राचा सराव करणाऱ्या मुलांनी तर हे आधी शिकावं. तुम्ही उभे आहात आणि जमीन सपाट आहे, तर तुमच्याएवढ्या उंचीच्या प्रत्येक उभ्या माणसाचे डोळे क्षितिजरेषेवरच येतात. जवळचा माणूस 9 सेंमीचा असो वा लांबचा 1 सेंमीचा, डोकी एका ओळीत राहतात, वर सरकतात ते पाय. नवशिके दूरचा माणूस लहान काढतात, पण त्याचं डोकंही क्षितिजाच्या बरंच खाली ठेवतात. मग तो लांबचा मोठा माणूस न वाटता जवळचं लहान मूल वाटतो.

जमिनीवर मांडी घालून चित्र काढत असाल तर क्षितिजरेषा उभ्या माणसांना कमरेच्या जरा खाली छेदते, आणि जवळच्या-लांबच्या सगळ्यांना तिथेच छेदते.

सगळ्याच रेषा एका बिंदूला नेणं

क्षितिजरेषेवर जिथे रस्त्याच्या दोन्ही कडा मिळतात तो लोपबिंदू. तो कळला की उत्साहात प्रत्येक रेषा तिकडे वळते. प्रत्यक्षात तिकडे जातात त्या फक्त तुमच्यापासून दूर जाणाऱ्या, रस्त्याला समांतर अशा रेषा. खांब आणि भिंतींच्या कडा उभ्याच राहतात. खांबावरचा आडवा दांडा आणि रस्त्याला काटकोनात येणारा शेताचा बांध आडवाच राहतो. तिरका जाणारा बांध या बिंदूला जाणार नाही, त्याचा बिंदू क्षितिजरेषेवरच पण दुसरीकडे असतो. रस्ता पुढे चढणीला लागत असेल तर चढावाच्या कडा क्षितिजाच्या वरच्या बिंदूला मिळतात. सुरुवातीला चढ टाळलेला बरा.

खांब ठरावीक मापाने लहान करणं

12, 10, 8, 6 सेंमी असे खांब काढले की ओळ लांब जातच नाही. समजा पहिला खांब रस्त्याच्या दिशेने तुमच्यापासून जेवढा पुढे आहे, तेवढंच अंतर पुढच्या प्रत्येक दोन खांबांत आहे. पहिला 12 सेंमीचा काढला तर दुसरा 6, तिसरा 4 आणि चौथा 3 सेंमीचा दिसेल. दुप्पट अंतरावर निम्मा, तिप्पट अंतरावर एक तृतीयांश, असा हिशेब आहे. पहिल्या दोघांत मोठी उडी असते, मग फरक झपाट्याने कमी होतो. खांबांमधली कागदावरची अंतरंही तशीच आक्रसतात.

दर वेळी गणित करायला नको. पहिल्या खांबाचा माथा, मध्य आणि पाया, तिन्हींपासून लोपबिंदूपर्यंत फिकट रेषा मारा. दुसरा खांब डोळ्यांना पटेल तिथे उभा करा. मग पहिल्याच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या मध्यातून जाणारी तिरकी रेषा खाली पायाच्या रेषेपर्यंत न्या. ती जिथे टेकेल तिथे तिसरा खांब. हेच पुढे चालू ठेवा. झाडांच्या रांगेलाही हीच युक्ती चालते, मात्र झाडांचे शेंडे त्या रेषेला तंतोतंत चिकटवू नका. तारा पट्टीने मारू नका, दोन खांबांमध्ये त्या थोड्या झोळतात.

घराचं आढं आडवं आणि भिंत तिरपी

तुमच्याकडे तोंड करून असलेली भिंत साधा आयत असते. बाजूची भिंत मागे जाते, म्हणून तिच्या वरच्या-खालच्या रेषा लोपबिंदूला जातात. त्रिकोणी माथा समोरच्या भिंतीवर असेल तर त्याचं टोक बरोबर मधोमध येतं आणि आढ्याची, म्हणजे छपराच्या दोन्ही उतारांच्या वरच्या सांध्याची रेषा तिथून लोपबिंदूला जाते. इथेच अनेक जण आढं आडवं काढतात आणि छप्पर भिंतीवरून घसरतं. त्रिकोण मागे जाणाऱ्या भिंतीवर असेल तर उलट: आढं आडवं राहतं, पण मध्य पट्टीने मोजून चालत नाही. त्या भिंतीचे दोन्ही कर्ण काढा. ते जिथे छेदतात तिथून उभी रेषा वर न्या, टोक तिच्यावर येतं. ही रेषा भिंतीच्या लांबच्या कडेजवळ सरकलेली दिसेल आणि ते बरोबर आहे.

चित्र बिघडलंय, पण कुठे?

कागद उलटा करून बघा. डोळ्यांना सवय झालेली तिरपी भिंत उलटी केली की लगेच दिसते. मग पेन्सिलीचं टोक लोपबिंदूवर टेकवून पट्टी त्याला चिकटवा आणि दूर जाणाऱ्या एकेका रेषेवर फिरवा. चुकलेली रेषा सापडेल. खुणांच्या रेषा सुरुवातीपासून एचबी पेन्सिलीने हलक्या हाताने काढल्या असतील तर खोडणं सोपं जातं; दाबून काढलेल्या रेषेचा चर रंगाखालूनही दिसतो.

रस्त्याचं अणकुचीदार टोक तसंच उघडं राहिलं असेल तर त्यावर झाडांचा एक झुबका किंवा रस्त्याचं छोटं वळण आणा. तिथला रंग फिकट आणि जरा निळसर ठेवा, पानं मोजून काढू नका.