गाडी घरी धुताय? सुकं फडकं आधी खाली ठेवा

गणपतीला चाकरमानी आले की आमच्या वाडीत रोज सकाळी हेच दिसतं: चहा व्हायच्या आत जुन्या बनियनने बॉनेट पुसणं. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. मग एकदा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसले. जांभ्याची तांबडी माती बोटांना पिठासारखी लागते, पण तिच्यात बारीक रेव असते. आधी टपापासून खाली भरपूर पाणी सोडा, मगच हात लावा. घाई असेल तर शाम्पू राहू दे, पण हे पाणी चुकवू नका.

भांड्यांचा साबण वापरू नका, तेलकटपणाबरोबर तो वॅक्सही उतरवतो. साबणाची बादली वेगळी, फडकं पिळायची वेगळी. चाकांचं फडकं तर वेगळंच. जमिनीवर पडलेलं फडकं परत पत्र्याला लावायचं नाही.

पण खरी चूक खाली होते. कर्दे-मुरूडच्या पुळणीवर गाडी फिरवायची, घरी येऊन वरून चकाचक करायची आणि तळ तसाच ठेवायचा. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे वरून कोरडा दिसणारा पत्रा आतून गंजत राहतो. त्याच दिवशी चाकांच्या कमानीत आणि तळाला गोडं पाणी मारा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर लाटांचे तुषार अंगावर आले असतील, तरी हेच. दार लावताना आत पाणी डचमळल्याचा आवाज येतो? दाराच्या खालच्या कडेची भोकं पाचोळ्याने बुजलीत, काडीने मोकळी करा. तळाला डिझेल किंवा जळकं ऑइल मारायचा सल्ला मात्र ऐकू नका. रबरी बुश फुगतात, वर माती चिकटते ती वेगळीच.

किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल, तर उन्हात धुतलेल्या गाडीवर पांढरे ठिपके उरतात. सावलीत धुवा, लगेच मायक्रोफायबरने टिपा. पावसाळ्यात पन्हळीखाली बादली लावा. पहिल्या सरींनी कौलं धुऊन निघाली की त्या पाण्याचे डाग पडत नाहीत.

मोहराच्या दिवसांत कलमाखाली गाडी लावलीत तर तुडतुड्यांचा चिकटा पडतो. नखाने खरवडू नका, कोमट ओलं फडकं पाच मिनिटं ठेवा, सुटतो. डिकीच्या प्लॅस्टिकला फणसाचा चीक लागला तर गरे काढताना हाताला लावतो तेच खोबरेल तेल चालतं. नंतर साबणाने पुसा, नाहीतर धूळ बसेल.

आतली मॅट ओली असताना काचा बंद केल्यात तर दोन दिवसांत कुबट वास येईल.

धुऊन झाल्यावर गाडी तशीच उभी करू नका. वाडीच्या टोकापर्यंत फिरवून चार-पाचदा ब्रेक दाबा. विसरलात तर सकाळी डिस्कवर तांबूस थर दिसेल आणि निघताना खर्रर्र वाजेल. घाबरू नका, पहिल्या वळणापर्यंत तो आवाज जातो.