एकट्याने परदेशी जाण्यासाठी सुरक्षित शहर कसे निवडावे

‘जगातील सर्वांत सुरक्षित दहा शहरे’ अशी यादी पाहून विमानाचे तिकीट काढू नये, हे मी आधीच स्पष्ट सांगते. गेल्या बारा वर्षांत मी जळगावहून एकटीने अकरा वेळा परदेशी गेले आहे. चोपडा, अमळनेर, भुसावळ येथून ज्या मुली आणि निवृत्त शिक्षिका माझ्याकडे सल्ला विचारायला येतात, त्यांच्या मोबाइलमध्ये बहुतेक वेळा अशीच एखादी यादी असते. पासपोर्ट, व्हिसा, प्रवास विमा आणि परदेशात चालणारे कार्ड यांची व्यवस्था वाचकाने केली आहे, असे धरून पुढचे लिहिते.

यादीचा उपयोग आठ-दहा नावे गोळा करण्यापुरताच करावा आणि ती नेमके काय मोजते, हे आधी वाचावे. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या २०२१ च्या सुरक्षित शहर निर्देशांकात ६० शहरांमध्ये कोपनहेगन पहिले, टोरांटो दुसरे आणि सिंगापूर तिसरे आले. त्याआधी २०१५, २०१७ आणि २०१९ मध्ये टोकियो पहिले होते. मात्र वैयक्तिक सुरक्षितता हा त्या निर्देशांकाच्या पाच भागांपैकी एकच भाग आहे. उरलेले चार डिजिटल सुरक्षा, आरोग्य, पायाभूत सुविधा आणि पर्यावरण यांचे आहेत. जागतिक शांतता निर्देशांक तर शहरांचा नसून देशांचा आहे. २००८ पासून त्यात आइसलँड पहिला आहे. पण देशाचा लष्करी खर्च आणि युद्धांतील सहभागही त्यात धरला जातो, त्यामुळे रात्री नऊ वाजता बसथांब्यावर एकट्या बाईने उभे राहावे की नाही, हे त्यावरून कळत नाही. नम्बिओ या संकेतस्थळावरचे आकडे लोकांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीतून येतात, म्हणजे ती लोकांच्या मनातली भीती असते, पोलिसांची नोंद नव्हे. पोलिसांच्या नोंदीही जपून वाचाव्यात, कारण जिथे बायका निर्धास्तपणे तक्रार नोंदवतात तिथे आकडा मोठा दिसू शकतो.

नावे हाती आली की शहराआधी पोहोचण्याची वेळ ठरवावी. मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमाने रात्री उशिरा किंवा पहाटे सुटतात, आणि खान्देशातून आपण दिवसा रेल्वेने मुंबई गाठतो, त्यामुळे तीच विमाने आपल्या सोयीची ठरतात. आता घड्याळ पाहावे. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि विमानाला सुमारे साडेपाच तास लागतात, म्हणून रात्री साडेअकराला निघालेला प्रवासी सकाळी साडेसातच्या सुमारास उतरतो. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणून रात्री दहाला निघालेला प्रवासी मध्यरात्रीच्या आसपास तिथे पोहोचतो. पूर्वेकडे जाताना रात्रीचे विमान आपल्याला उजेडात उतरवते आणि आखातात जाताना ऐन रात्री, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मी निवड होते. पहिल्यांदा एकट्याने निघालेल्या माणसाने नव्या शहरात अंधार पडल्यावर उतरूच नये, असे माझे ठाम मत आहे. दोन हजार रुपये वाचवण्यासाठी रात्रीचे तिकीट घेणाऱ्यांना मी परत पाठवते.

वेळेबरोबर विमानतळावरून शहरात जाण्याचे साधनही तपासावे. कोपनहेगनची मेट्रो चोवीस तास चालते आणि विमानतळावरून पाव तासात शहराच्या मध्यात पोहोचवते. टोकियोच्या रेल्वे मात्र मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत बंद असतात. शिवाय नारिता विमानतळ शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे, तर हानेदा शहराला लागूनच आहे, म्हणून मी हानेदाचेच तिकीट पाहते. दुबईला रात्री उतरणे टळत नसेल, तर बायकांनी गुलाबी टपाच्या टॅक्सीने जावे, कारण ती टॅक्सी बायकाच चालवतात.

आता त्या टप्प्याकडे येते जिथे मी स्वतः चुकले आणि जिथे आजही माझे सर्वांत जास्त दिवस जातात, तो म्हणजे शहरातला भाग निवडणे. आपल्याकडे भुसावळला किंवा जळगावला रात्री-अपरात्री गाडी आली, तर स्टेशनसमोरचा लॉज घेणेच शहाणपणाचे मानतात, कारण तिथे चहाची टपरी उघडी असते, रिक्षा उभ्या असतात आणि माणसांची जाग असते. तीच सवय घेऊन मी फ्रँकफर्टला गेले. मुख्य रेल्वे स्थानकापासून चारशे मीटरवर परवडणारी खोली मिळाली म्हणून मी लगेच पैसे भरले. स्थानकासमोरचा बानहोफ्सफिर्टेल हा भाग वेश्यावस्तीसाठी आणि उघड्यावर चालणाऱ्या अमली पदार्थांच्या व्यवहारासाठी जर्मनीभर माहीत आहे, हे मला तिथे पोहोचल्यावर कळले. नोव्हेंबरची रात्र होती, पदपथावर माणसे सुया टोचून घेत बसली होती आणि त्यांच्यामधून मला बॅग ओढत जावे लागले. मला कोणी हातही लावला नाही, हे खरे आहे. पण पुढचे तीनही दिवस मी संध्याकाळी सहालाच खोलीत येऊन दार लावून घेतले आणि ज्या नदीकाठासाठी इतक्या लांब गेले होते, तिथली एकही संध्याकाळ मला मिळाली नाही. माइन नदीपलीकडच्या निवासी वस्तीत जवळपास तेवढ्याच भाड्याच्या खोल्या होत्या, हे घरी परतल्यावर नकाशा नीट पाहिला तेव्हा समजले.

यावरून फ्रँकफर्ट वाईट शहर आहे, असे म्हणणे चुकीचे होईल. अशा गल्ल्या याद्यांच्या अग्रभागी असलेल्या शहरांतही असतात, आणि स्वस्त खोल्या शोधणारा माणूस नेमका तिथेच जाऊन पोहोचतो. सिंगापुरात कमी भाड्याची हॉटेले पाहू लागले की गेलांग हा भाग हमखास समोर येतो, आणि तिथल्या काही गल्ल्यांत वेश्याव्यवसाय चालतो. टोकियोच्या काबुकिचोमध्ये दलाल पर्यटकांना बारमध्ये नेतात आणि मग भरमसाट बिल हातात येते.

म्हणून खोली आवडली की पैसे भरण्याआधी मी तिचा पत्ता नकाशावर शोधते आणि उतरायच्या स्थानकापासून दारापर्यंतचा सगळा रस्ता स्ट्रीट व्ह्यूमध्ये, म्हणजे गूगल नकाशातल्या रस्त्यांच्या छायाचित्रांत, चालून पाहते. तळमजल्यावर किराणा दुकान, औषधांचे दुकान, बेकरी किंवा शाळा दिसली की मला बरे वाटते. वाटेत भुयारी मार्ग, रेल्वेच्या पुलाखालची वाट, मोकळा वाहनतळ किंवा बागेतून जाणारी पायवाट लागली, तर खोली कितीही छान असली तरी मी ती सोडते. ही छायाचित्रे दिवसा काढलेली असतात, हे विसरू नये. म्हणून त्याच रस्त्यावरच्या दुकानांच्या बंद होण्याच्या वेळाही पाहाव्यात. रात्री नऊ-दहापर्यंत उघडे असलेले एक साधे किराणा दुकान मला हॉटेलच्या पाच ताऱ्यांपेक्षा जास्त सांगते.

अभिप्राय वाचताना ताऱ्यांची सरासरी पाहूच नये, कारण लोक तारे चादरीला आणि नाश्त्याला देतात. सर्वांत नवे आणि सर्वांत नाराज अभिप्राय आधी वाचावेत, आणि त्यांतही एकट्या राहिलेल्या बायकांनी रात्रीच्या येण्याजाण्याबद्दल काय लिहिले आहे ते शोधावे. ‘मध्यवर्ती’ या शब्दाला काही अर्थ नाही. ‘परिसर जिवंत आहे’ असे वाचले, तर पहाटे तीनपर्यंत दारू पिणारे खिडकीखाली असतील असे समजावे. तिथे नोकरी करणाऱ्या नातेवाइकाचा सल्लाही तपासून घ्यावा, कारण जो रोज घरून कारने निघून कारनेच परत येतो, त्याला तिथला रात्रीचा पदपथ माहीत नसतो. स्थानकापासून पाचशे पावलांच्या आत, उजेडाच्या रस्त्यावर आणि आपल्या खर्चात खोली मिळत नसेल, तर मी अट सैल करत नाही, शहर बदलते. व्हिएन्ना मी दोनदा याच कारणाने पुढे ढकलले आणि तिसऱ्या वर्षी मनासारखी खोली मिळाल्यावरच गेले.

ऋतूचा विचार त्यामानाने सोपा आहे. कोपनहेगनला डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या आधीच सूर्य मावळतो आणि जूनमध्ये तो रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणून उत्तर युरोप उन्हाळ्यातच ठेवावा.

मिरीचा स्प्रे पर्समध्ये ठेवा, हा सल्ला मात्र मनातून काढून टाकावा. सिंगापूर आणि ब्रिटन या दोन्ही ठिकाणी तो जवळ बाळगणे बेकायदेशीर आहे. तुमच्या रक्षणासाठी घेतलेली वस्तू तुम्हालाच पोलीस ठाण्यात नेईल. त्याऐवजी क्रमांक पाठ करावेत: युरोपीय संघात ११२, सिंगापुरात पोलिसांसाठी ९९९ आणि रुग्णवाहिकेसाठी ९९५, जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९.

पहिल्या वेळेसाठी मी सिंगापूरच सुचवते, कारण विमान सकाळी पोहोचते, मेट्रो विमानतळातूनच मिळते आणि लिटल इंडियात तमिळ, हिंदी ऐकू येते. दुसऱ्या वेळी टोकियो घ्यावे. तिथे भाषेची अडचण येते, पण जागोजागी कोबान नावाच्या छोट्या पोलीस चौक्या असतात आणि तिथले पोलीस रस्ता चुकलेल्यांना नकाशा काढून वाट दाखवतात.

खोली ठरली की तिचा पत्ता त्या देशाच्या लिपीत कागदावर छापून घ्यावा, एक प्रत घरी द्यावी आणि एक पासपोर्टसोबत ठेवावी, कारण मोबाइल नेमका उतरतानाच बंद पडू शकतो. पहिल्या रात्रीसाठी पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून न्यावी, म्हणजे अजून ओळख न झालेल्या गल्लीत अंधार पडल्यावर जेवण शोधायला बाहेर पडावे लागत नाही.