५९१ ची ब्लाराथोनची लढाई डोक्यात कशी बसवायची

इराणच्या गादीसाठी राजा खुस्रो (रोमनांची मदत घेऊन) आणि बंडखोर सेनापती बहराम यांच्यात इ.स. ५९१ मध्ये झालेली ही लढाई. यावर वाचायला घेतलं की दहा मिनिटांत नावांचा गोंधळ होतो आणि माणूस नाद सोडतो. म्हणून नावं नंतर, आधी मोबाईलवर नकाशा उघडा. बगदादच्या खाली टायग्रिसकाठी टेसिफॉन (ससानी, म्हणजे तेव्हाच्या इराणी राजघराण्याची राजधानी), आजच्या तुर्कियेत मार्दिनजवळचा दारा किल्ला, वायव्य इराणमधलं उर्मिया सरोवर आणि वर आर्मेनिया, एवढं सापडलं की बास.

आता माणसं. इराणचा राजा होर्मिझ्द चौथा, त्याचा मुलगा खुस्रो, सेनापती बहराम चोबिन, आणि बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन, पुढे नुसतं रोमन) सम्राट मॉरिस. बहरामने मध्य आशियातल्या तुर्कांना लोळवलं, मग कॉकेशसकडे रोमनांकडून मार खाल्ला, तर राजाने त्याला म्हणे बायकांचे कपडे पाठवले. किस्सा खरा असो नसो, बहराम उलटला. इकडे राजधानीत खुस्रोच्या दोन सख्ख्या मामांनी, विंदुया आणि विस्तामने, होर्मिझ्दचे डोळे फोडून ५९० मध्ये भाच्याला गादीवर बसवलं, पण बहराम चालून आला, खुस्रो पळाला आणि बहरामने स्वतःच्या नावाची नाणी पाडली. अडचण एकच, तो मिहरान घराण्यातला, ससानी नाही, आणि बऱ्याच सरदारांना ते पचेना.

मग सौदा बघा. खुस्रो थेट रोमन हद्दीत गेला आणि दारा, मार्टिरोपोलिस हे सीमेवरचं शहर, आर्मेनियाचा मोठा तुकडा द्यायला तयार झाला. मॉरिसने फौज दिली.

आता नकाशावर बाण काढा, खरी गंमत इथेच आहे. एक दाराकडून, त्यात खुस्रो आणि सेनापती नार्सेस. दुसरा आर्मेनियातून, रोमन सेनापती जॉन मिस्टाकॉनचा. तिसरा छोटा, टेसिफॉनकडे, आणि बहराम उत्तरेत अडकलेला असताना त्या तुकडीने राजधानी घेतलीसुद्धा! पहिले दोन बाण उर्मियाच्या बाजूला जुळतात. ते जुळू द्यायचे नाहीत म्हणून बहराम धावला, पण उशीर झाला, माझ्या मते लढाई तिथेच हरली गेली, गंजाक शहराजवळ ब्लाराथोनला झालं ते उरलेलं काम.

थिओफिलाक्ट हा बायझंटाइन इतिहासकार खुस्रो-रोमनांचे ६०,००० विरुद्ध बहरामचे ४०,००० असे आकडे देतो, पण तो आपल्या बाजूचं लिहिणार, तेव्हा जरा कमी करूनच घ्या. त्याचे बारीक तपशील मात्र सोडू नका. इराणी दोन्हीकडे, मग आपला कोण ते कळायचं कसं? तर खुस्रोच्या इराण्यांना परवलीचा शब्द म्हणून येशूच्या आईचं नाव शिकवलं. बहरामच्या बाजूने लढताना पकडलेल्या तुर्कांपैकी काहींच्या कपाळावर क्रूस गोंदलेला होता, लहानपणी साथ आली तेव्हा ख्रिश्चनांच्या सांगण्यावरून आयांनी गोंदवला म्हणे, त्यांना मॉरिसकडे पाठवलं, बाकीच्यांना खुस्रोने हत्तींखाली घातलं.

बहराम पळाला तो तुर्कांकडेच, आणि तिथेच त्याचा खून झाला.

शेवटी नकाशावर दाराशेजारी लिहून ठेवा: ५७३ इराणकडे, ५९१ रोमनांकडे. खाली थोडी जागा सोडा, कारण ६०२ मध्ये मॉरिसला मारलं जातं आणि सूड घ्यायचं निमित्त करून खुस्रो परत तोच किल्ला घ्यायला निघतो.