आधी सही तपासा, मग सर्टिफिकेटही

नामवंताच्या सहीची बॅट किंवा फोटो विकत घेताना बहुतेक जण सही खरी असल्याचं सर्टिफिकेट आधी बघतात आणि सही नंतर. हा क्रम उलटा हवा, कारण सर्टिफिकेट म्हणजे कुणीतरी दिलेलं मत असतं आणि ते मत कशावरून बनलं हे त्या कागदावर क्वचितच लिहिलेलं असतं.

सामान फार लागत नाही: दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक साधी टॉर्च आणि ३६५ नॅनोमीटरची यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाची, टॉर्च (डोळ्यांवर मारू नका). सोबत ६०० डीपीआयचा स्कॅनर असेल तर उत्तम.

पहिला प्रश्न असा, की ही सही पेनानं केलेली आहे तरी का? जुन्या साइक्स कंपनीच्या बॅटवर डॉन ब्रॅडमनची सही कारखान्यातच उमटवलेली असे. ती बॅट आजही ‘ब्रॅडमनच्या सहीची’ म्हणून विकायला येते आणि विकणारा प्रत्येक वेळी लबाडच असतो असं नाही. छापील सही भिंगाखाली बारीक ठिपक्यांची किंवा सगळीकडे सारख्याच रंगाची दिसते. रबरी शिक्क्यात शाई कडेला सरकते, त्यामुळे रेषेच्या दोन्ही काठांवर गडद किनार येते आणि मध्ये फिकट राहते. बॉलपेननं सही केली असेल तर कागदावर खाच पडते. टॉर्च अगदी आडवी धरली की ती दिसते. चकचकीत फोटोवर मार्करची शाई पृष्ठभागावर बसलेली दिसायला हवी. ती चकाकीच्या आत दिसली, तर सहीसकट फोटोचीच प्रत काढलेली आहे.

ऑटोपेनची गोष्ट वेगळी. हे यंत्र खरं पेन धरून खऱ्या शाईनं सही करतं. अमेरिकेचे अध्यक्ष आणि अंतराळवीर यांच्या नावाच्या असंख्य सह्या अशाच झाल्या आहेत. त्याच व्यक्तीच्या दुसऱ्या सहीचा स्कॅन घ्या, दोन्ही एका आकाराच्या करून एकमेकींवर ठेवा. माणूस दोनदा तंतोतंत तीच सही करत नाही. रेषान् रेषा जुळली, तर एक तरी यंत्राची किंवा गिरवलेली आहे. ऑटोपेनच्या सहीत सुरुवातीला आणि शेवटी पेन टेकल्याचे ठळक ठिपके दिसतात आणि दाब शेवटपर्यंत सारखा राहतो.

हातानं केलेली नक्कल पकडताना अक्षरांच्या आकाराकडे फार बघू नका. नक्कल करणाऱ्याचं सगळं लक्ष तिथेच असतं, म्हणून आकार जमलेला असतो. त्याला वेग जमत नाही. हजारो वेळा केलेली सही हात न थांबता वाहते: पेन कागदाला टेकण्याआधीच हात चाललेला असतो, म्हणून रेषेची टोकं निमुळती होतात. नकलेत टोकं बोथट येतात, वळणावर बारीक थरथर दिसते, नको तिथे पेन उचललेलं असतं आणि कधी तुटलेली रेषा नंतर जोडलेली सापडते. थरथर म्हणजे नक्कलच, असं मात्र समजू नका. म्हातारपणी हात कापतो, आणि उभ्या उभ्या बॅटच्या फुगीर पाठीवर सही करताना तरुणाचाही हात हलतो. म्हणून तुलना त्याच वयातल्या आणि शक्यतो तशाच वस्तूवरच्या सह्यांशी करा. दहा-बारा नमुने जमवा, पण विक्रीच्या जाहिरातींतून मुळीच नको. पोस्टाचा शिक्का असलेली पत्रं, करारपत्रं, संग्रहालयातले कागद चालतील.

आता काळ जुळतो का ते बघा. बॉलपेन बाजारात आलं १९४५ च्या सुमाराला आणि फेल्ट टिपची पेनं १९६० च्या दशकात. क्रिकेटपटू रणजितसिंह १९३३ मध्ये वारले. त्यांची बॉलपेनची सही दिसली की पुढे तपासायची गरजच नाही. कसोटीच्या शर्टावर पाठीमागे नाव आणि नंबर २०१९ पासून आले. १९९६ च्या विश्वचषकात सचिनच्या बॅटवर स्टिकर नव्हता, एमआरएफ त्यानंतर आलं. तेव्हा ‘शारजा १९९४’ असं सांगून कुणी एमआरएफची बॅट पुढे केली, तर सही खरी असली तरी कथा खोटी आहे, आणि पैसे कथेचेच मागितले जात असतात.

कागदही बोलतो. साधारण १९५० नंतरच्या कागदांत शुभ्रपणासाठी घातलेलं रसायन यूव्हीखाली निळसर पांढरं चमकतं. कागद चमकला नाही म्हणून सही जुनी ठरत नाही, कारण जुन्या वहीची कोरी पानं सहज मिळतात. घडी बघा. कागदाला घडी पडल्यावर त्यावरून शाईचं पेन फिरलं, तर शाई घडीच्या तुटलेल्या धाग्यांत पसरते. ‘१९४८ मध्ये सही झाली, मग पाकिटात घडी घालून जपली’ या कथेला एवढं पसरणं पुरेसं मारक आहे.

आता तज्ज्ञ. १९८३ मध्ये ‘श्टेर्न’ या जर्मन साप्ताहिकानं हिटलरच्या रोजनिशा छापायला घेतल्या, तेव्हा हस्ताक्षरतज्ज्ञांनी अक्षर हिटलरचंच असल्याचं सांगितलं होतं. त्यांना तुलनेसाठी दिलेल्या कागदांतले काही कोनराड कुयाउनंच, म्हणजे रोजनिशा लिहिणाऱ्यानंच, बनवलेले होते. त्या दोन्हींतलं अक्षर जुळणारच! जर्मनीच्या संघीय अभिलेखागारानं केलेल्या तपासणीत कागदातल्या त्याच चमकणाऱ्या रसायनामुळे बनाव उघडा पडला. म्हणून तज्ज्ञाला पहिला प्रश्न हा विचारा: तुलनेचे नमुने कोणते, आणि ते कुठून आले?

पुढचे प्रश्न यातूनच निघतात. मूळ वस्तू हातात घेतली होती की फोटोवरून मत दिलं? सही करताना कुणी हजर होतं, की हा फक्त अंदाज आहे? तज्ज्ञच विक्रेता आहे का, किंवा त्याला विक्रीतला वाटा मिळतो का? मत चुकलं तर पैसे कोण परत देणार, आणि ते लेखी आहे का? दुसरं मत घ्यायचं असेल तर पहिलं सर्टिफिकेट दाखवू नका. सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीनं वस्तूवर हॉलोग्रामचं (चमकतं) स्टिकर लावलं असेल, तर त्याचा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो हातातल्या वस्तूशी ताडून बघा. नुसता नंबर सापडणं पुरेसं नाही, कारण खरा नंबर खोट्या वस्तूवर चिकटवता येतो. अमेरिकेच्या एफबीआयनं ‘ऑपरेशन बुलपेन’ या मोहिमेत पकडलेल्या, खोट्या सह्या विकणाऱ्या टोळीच्या मालालाही सर्टिफिकेटं होती, आणि त्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा होते.

नामांकित कंपनीचा शिक्काही अपवाद नाही. होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूचं सर्वांत प्रसिद्ध कार्ड, कार्डांची तपासणी करून दर्जा देणाऱ्या पीएसए कंपनीनं १० पैकी ८ दर्जा देऊन सीलबंद केलं होतं. त्या कार्डाच्या कडा आपणच कापल्या होत्या, हे लिलावदार बिल मास्ट्रोनं २०१३ मध्ये कबूल केलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही १९८० च्या मुरारीलाल खटल्यात म्हटलं आहे, की हस्ताक्षरतज्ज्ञाच्या मताकडे सावधपणे पाहावं आणि त्यामागची कारणं बारकाईनं तपासावीत. कारणंच न लिहिलेल्या सर्टिफिकेटाची किंमत त्यावरून ठरवा.

फसवणूक झाल्याचं नंतर लक्षात आलं, तर हॉलोग्राम काढू नका. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पैसे दिल्याची नोंद, पावती आणि वस्तू आलेलं खोकं जपून ठेवा, आणि विक्रेत्याला लेखी कळवा. ग्राहक आयोगात तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. आणि ती बॅट ‘जशी आहे तशी’ म्हणून पुढच्या माणसाच्या गळ्यात मारू नका. खोटी असल्याचं माहीत असून सांगितलं नाही, तर फसवणुकीचा आरोप तुमच्यावरच येऊ शकतो.