ग्रहण बघताना या चुका टाळा: वेळ, जागा आणि काच

ग्रहण जवळ आलं की पहिला प्रश्न येतो, "किती वाजता आहे?" बहुतेकांची निराशा इथूनच सुरू होते. विचारायला हवं ते हे: ग्रहण चालू असताना माझ्या गावात सूर्य किंवा चंद्र उगवलेला असेल का, आणि क्षितिजापासून किती वर असेल?

चंद्रग्रहणाची आणि सूर्यग्रहणाची वेळ एकाच मापाने मोजणं

चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली थेट चंद्रावर पडते. त्यामुळे स्पर्श (ग्रहण लागतं तो क्षण), मध्य, मोक्ष (ग्रहण सुटतं तो क्षण) हे सगळ्या जगाला एकच. पुण्यात स्पर्श झाला त्याच क्षणी दुबईतही झाला, घड्याळाचा आकडा तेवढा वेगळा. सूर्यग्रहणात मात्र चंद्राची सावली जमिनीवरून पळत जाते, म्हणून प्रत्येक गावाचा स्पर्श आणि मोक्ष निराळा. दिल्लीच्या बातम्यांत ऐकलेली सूर्यग्रहणाची वेळ रत्नागिरीला लावू नका.

चंद्रग्रहणात वेळ सारखी असली तरी चंद्रोदय सारखा नसतो. 3 मार्च 2026 चं चंद्रग्रहण घ्या. भारतीय वेळेनुसार खग्रास अवस्था दुपारी 4:34 ते 5:32 आणि मोक्ष संध्याकाळी 6:47. महाराष्ट्रात खग्रास अवस्था चालू असताना चंद्र क्षितिजाखालीच असतो. नागपूरला तो 6:20 च्या आसपास उगवतो, म्हणजे ग्रासलेला चंद्र पंचवीसेक मिनिटं मिळतो. मुंबई नागपूरच्या सव्वासहा अंश पश्चिमेला असल्याने तिथे चंद्रोदय पावणेसातच्या सुमारास, आणि हाती उरतात दोन-तीन मिनिटं. ईशान्येकडच्या राज्यांत मात्र खग्रास अवस्थेचा शेवट सापडतो. "भारतातून दिसणार" एवढी बातमी वाचून गच्चीवर गेलेला मुंबईकर आणि नागपूरकर एकच ग्रहण बघत नाहीत.

पंचांगात अशा ग्रहणाला ग्रस्तोदित म्हणतात: चंद्र उगवतानाच ग्रासलेला असतो. ग्रासलेलाच मावळला तर ग्रस्तास्त. 25 ऑक्टोबर 2022 चं, ऐन दिवाळीतलं सूर्यग्रहण मुंबईत ग्रस्तास्त होतं. स्पर्श 4:49 ला, सूर्यास्त सहा वाजून आठ-नऊ मिनिटांनी, मोक्ष दिसलाच नाही. हे दोन शब्द दिसले की लगेच समजायचं: क्षितिज मोकळं लागणार. समोर पाच-सहा मजली इमारत असली तर त्या दिवशी दुसरी जागा शोधा.

क्षितिज कसं तपासाल? हात लांब करून मूठ धरली की ती साधारण 10 अंश झाकते. सूर्यग्रहणासाठी आदल्या दिवशी त्याच वेळी त्याच जागी उभं राहा, सूर्य जवळपास तिथेच असेल. चंद्राला ही युक्ती चालत नाही. तो रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो, आदल्या दिवशी त्याच वेळी तो दहा-बारा अंश वर चढलेला दिसेल आणि जागा ठीक आहे असा चुकीचा दिलासा मिळेल. पौर्णिमेचा चंद्र मावळत्या सूर्याच्या बरोबर समोर उगवतो. सूर्याकडे पाठ करून समोरचं क्षितिज बघा. संधिप्रकाशात आणि धुरकट हवेत उगवता ग्रस्त चंद्र फिका असतो. लालभडक चंद्र अपेक्षू नका, दुर्बीण जवळ ठेवा.

"95 टक्के आहे, म्हणजे जवळपास पूर्णच"

नाही. 21 जून 2020 ला कंकणाकृती ग्रहणाचा पट्टा राजस्थान, हरियाणा, उत्तराखंडमधून गेला. ग्रहणमध्याला त्याची रुंदी जेमतेम 21 किलोमीटर होती. कुरुक्षेत्रात कंकण दिसलं. दीडेकशे किलोमीटरवरच्या दिल्लीत सूर्य नव्वद टक्क्यांहून जास्त झाकला गेला, पण कंकण नाही. खग्रास ग्रहणात फरक याहून मोठा असतो. सूर्याचा प्रभामंडल, म्हणजे खग्रासात बिंबाभोवती दिसणारं फिकट तेजोवलय, सूर्यबिंबाच्या दहा लाखांश प्रकाशाचा असतो. बिंबाचा एक टक्का उघडा राहिला तरी तो प्रभामंडलाच्या दहा हजार पट तेजस्वी, म्हणजे प्रभामंडल बुडालाच. पट्ट्याच्या बाहेर राहून 99 टक्के ग्रहण बघण्यापेक्षा पन्नास किलोमीटर गाडी चालवा.

आणखी एक गल्लत: ग्रासमान आणि झाकलेलं क्षेत्रफळ. ग्रासमान म्हणजे बिंबाच्या व्यासाचा किती भाग ग्रासला. निम्मा व्यास ग्रासला (0.5) तरी क्षेत्रफळ सुमारे 39 टक्केच झाकलेलं असतं. दोन बातम्यांत दोन आकडे दिसले तर बहुधा कुणी हे मोजतंय, कुणी ते.

"छायाकल्प चंद्रग्रहण बघायला गेलो, काहीच झालं नाही"

चंद्र फक्त पृथ्वीच्या विरळ छायेतून, म्हणजे गडद सावलीभोवतालच्या फिकट भागातून गेला की तेज थोडं मंदावतं. कडा कुठेच खात नाही. 2020 साली 10 जानेवारी, 5 जून आणि 30 नोव्हेंबरची ग्रहणं अशीच होती. छायाकल्पासाठी गच्चीवर गर्दी जमवू नका. मुलं हिरमुसतात आणि पुढच्या खऱ्या ग्रहणाला येत नाहीत.

दर अमावास्येला किंवा पौर्णिमेला ग्रहण का नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे 5 अंश कललेली आहे. दोन्ही पातळ्या छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. त्यांच्या जवळपास अमावास्या-पौर्णिमा आली तरच ग्रहण, आणि असा मोसम साधारण दर 173 दिवसांनी येतो. म्हणून ग्रहणं पंधरवड्याच्या अंतराने जोडीने येतात.

परातीतलं पाणी, एक्स-रे, काजळी धरलेली काच

इथली चूक आयुष्यभर भोवते, म्हणून नीट वाचा. परातीत पाणी घेऊन, कधी त्यात शेण कालवून, सूर्याचं प्रतिबिंब बघायची पद्धत आजही घरोघरी आहे. पाणी सरळ पडणारा साधारण 2 टक्के प्रकाश परत फेकतं, म्हणजे लाखातले दोन हजार भाग. सूर्य उतरलेला असेल तर त्याहून जास्त. ग्रहण-चष्म्याचं आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ 12312-2) लाखातले जेमतेम तीन भागच आत येऊ देतं. हिशेब समोर आहे. एक्स-रे फिल्म, काजळी, सीडी आणि साधा गॉगल यांतून डोळ्याला अंधारलेलं वाटतं, पण अवरक्त किरण आत येत राहतात. डोळ्याच्या पडद्याला दुखतं कळत नाही, त्यामुळे इजा होताना काही जाणवत नाही.

चष्मा घालण्याआधी तो घरातल्या बल्बकडे धरा. साधा बल्ब दिसला तर तो चष्मा बाद. सुईएवढं भोक किंवा चुरगळलेली घडी असली तरीही बाद. वेल्डिंगची काच 14 नंबरचीच घ्या. चष्मा घालून दुर्बिणीतून बघणं ही सगळ्यात वाईट चूक: भिंगाने एकवटलेला प्रकाश फिल्टर जाळून आत शिरतो. दुर्बिणीचा फिल्टर पुढच्या मोठ्या भिंगावर बसवा, डोळ्याकडच्या नेत्रिकेवर नाही. तिथली काच तापून तडकते. नेम धरायला मोठ्या दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीवरही टोपी हवी. चंद्रग्रहणाला यातलं काहीही लागत नाही.

आरशाचा कवडसा बिघडतो तो अंतरामुळे

सगळ्यांना एकत्र दाखवायचं तर आरसा उत्तम. खिशातल्या आरशावर जाड काळा कागद चिकटवा, मधोमध 5 मिलिमीटरचं भोक ठेवा आणि कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाडा. प्रतिमेचा व्यास अंतराच्या सुमारे 108 व्या भागाएवढा. 3 मीटरवर सूर्य 28 मिलिमीटरचा पडतो आणि भोकामुळे कडा पाचेक मिलिमीटर पसरते, मग छोटा ग्रास नीट दिसत नाही. 10 मीटरवर तोच सूर्य 9 सेंटिमीटरचा होतो आणि चंद्राने खाल्लेली कड स्वच्छ उमटते. हात थरथरतो म्हणून आरसा वाटीभर वाळूत रोवा. कवडसा साधारण दोन मिनिटांत स्वतःएवढा सरकतो, तेव्हा एक जण आरशापाशी बसवा. आरशात डोकावून कुणी बघणार नाही हे त्यानेच सांभाळायचं.

पुढच्या तारखा ठरवताना

2 ऑगस्ट 2027 च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका, इजिप्तमधलं लक्सर, जेद्दा, मक्का आणि येमेनवरून जातो, ग्रहणमध्याला 6 मिनिटं 23 सेकंद. आखातातल्या मराठी मंडळींनी लक्षात ठेवावं, दुबईत ते खंडग्रासच. महाराष्ट्रातही दुपारनंतर खंडग्रास, तेही ऐन पावसाळ्यात. कोकणात राहून ढगांवर भरवसा ठेवू नका. 12 ऑगस्ट 2026 चं ग्रहण मात्र भारतात रात्री सव्वाअकराला मध्यावर येतं, त्यामुळे ते इथून दिसतच नाही. चंद्रग्रहणासाठी 31 डिसेंबर 2028 ची रात्र राखून ठेवा. मध्य 10:22 ला, चंद्र चांगला वर, आणि इमारत आडवी येण्याचा प्रश्न नाही.