गावाच्या पाण्याचा ताळेबंद कसा मांडावा

विहिरीवरची मोट गेली, तिच्या जागी डिझेल इंजिन आले, मग विजेची मोटर आली आणि १९७२ च्या दुष्काळानंतर काळा पाषाण भेदून दोनशे-तीनशे फूट खाली जाणारे विंधनयंत्र बांधावर येऊन उभे राहिले. पाणी उपसणारे प्रत्येक नवे यंत्र महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने वेळ न दवडता स्वीकारले. पाणी मोजणारे साधन मात्र बहुतेक गावांत आजही नाही. मोट दिवसभर चालवली की बैल आणि माणूस दोघेही दमत, त्यामुळे उपशाला आपोआप मर्यादा पडत असे. वीज येताच मोटर सुरू करणाऱ्या ‘ऑटो’ला दमणे ठाऊक नाही. म्हणून ती मर्यादा आता कागदावर आकडे मांडून, चारचौघांत बसून ठरवावी लागते आणि त्या कागदालाच पाण्याचा ताळेबंद म्हणतात.

पुढील पद्धत दख्खनच्या पठारावरील कमी पावसाच्या गावांसाठी आहे. कोकणातील जांभा किंवा तापी-पूर्णा खोऱ्यातील गाळाची जमीन असेल तर यातले गुणक बदलतात, मांडणी तीच राहते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव दर वर्षी असा ताळेबंद मांडून रब्बीची पिके ठरवते, आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत सात राज्यांतील निवडक ग्रामपंचायतींनी तो करावा अशी अपेक्षा ठेवली गेली. त्यासाठी अभियंता लागत नाही. आठवी-नववीतली दोन मुले, एक हिशोबी माणूस आणि ज्याच्या शब्दाला विहीरमालक मान देतात असा एक वडीलधारा, एवढे लोक पुरतात.

जमेची बाजू: पाऊस

गावात एक साधे पर्जन्यमापक बसवावे. झाडे आणि भिंती यांच्यापासून ते मोकळ्यावर असावे आणि त्याची नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता घ्यावी, कारण हवामान खात्याची नोंदही त्याच वेळेची असते आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहता येतात. महसूल मंडळाच्या ठिकाणचा पाऊस इंटरनेटवर पाहायला मिळतो, तेव्हा हा खटाटोप कशासाठी, असे कोणीतरी विचारतेच. वळवाचा किंवा परतीचा पाऊस एका शिवारात कोसळतो आणि ओढ्यापलीकडे धूळही बसत नाही, हे विचारणाऱ्यालाही माहीत असते. त्याला तेवढी आठवण करून द्यावी.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, एका हेक्टरवर १० हजार लिटर, म्हणजेच १० घनमीटर पाणी. एकरात सांगायचे तर साधारण ४ हजार लिटर. गावाचा हिशोब लिटरमध्ये मांडला तर शून्ये मोजताना डोळे फिरतात, म्हणून हजार घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर, हे एकक घ्यावे. सरकारी कागदांत त्यालाच टीसीएम म्हणतात. हिशोबापुरते एक कल्पित गाव घेऊ. शिवार १,००० हेक्टर, त्यातले डोंगरउताराचे २०० हेक्टर वगळून ८०० हेक्टर, आणि त्या वर्षीचा पाऊस ५०० मिलिमीटर. म्हणजे पडलेले पाणी ४,००० टीसीएम.

हा आकडा ग्रामसभेत नुसता वाचला तर लोक खूश होतात आणि तिथेच घात होतो. यातील मोठा भाग बाष्प होऊन उडून जातो, काही ओढ्याने वाहून जातो, काही मातीत ओल म्हणून राहून पिकांच्या मुळांना मिळतो. खडकात उतरते ते थोडेच. राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग बेसॉल्टचा आहे आणि हा खडक स्पंजासारखा पाणी शोषत नाही. केंद्रीय भूजल अंदाजाच्या पद्धतीत झिजलेल्या बेसॉल्टसाठी पावसाच्या ६ ते ८ टक्के आणि सच्छिद्र, भेगाळ बेसॉल्टसाठी १२ ते १४ टक्के पाणी मुरते असे धरले आहे. आपल्या विहिरींत मुरूम आणि मांजऱ्या (सच्छिद्र बेसॉल्ट) जास्त लागला की काळा पाषाण, हे विहीर खोदणाऱ्यांना विचारावे आणि त्याप्रमाणे गुणक घ्यावा. शंका असेल तर १० टक्के धरावे. आपल्या कल्पित गावात ते होतात ४०० टीसीएम.

जमेची दुसरी तपासणी: विहिरी

पावसावरून काढलेला आकडा हा अंदाज आहे, त्याला विहिरींची साक्ष लागते. वरच्या अंगाच्या, मधल्या आणि ओढ्याकाठच्या मिळून आठ-दहा विहिरी निवडाव्यात. प्रत्येक विहिरीच्या काठावर तेलरंगाने खूण करावी आणि दर वेळी त्याच खुणेपासून, वजन बांधलेली फीत सोडून, पाण्यापर्यंतची खोली मोजावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. गावाने तर महिन्यातून एकदा मोजायला काहीच हरकत नाही, मात्र मेअखेरीची आणि परतीचा पाऊस थांबल्यानंतरची अशा दोन नोंदी चुकवू नयेत. पहिल्या वर्षी हटकून होणारी चूक म्हणजे मोटर चालू असताना किंवा नुकतीच बंद केल्यावर घेतलेली नोंद. रात्रभर उपसा थांबलेला असावा आणि माप भल्या पहाटे घ्यावे.

समजा, मे ते ऑक्टोबर या काळात पाण्याची पातळी सरासरी ३ मीटर वर आली. विहिरीत ३ मीटर पाणी चढले म्हणून खडकात ३ मीटर पाणी साठले असे होत नाही. बेसॉल्टमध्ये पाणी सोडू शकणारी पोकळी साधारण १ ते ३ टक्के असते. मधला २ टक्के हा आकडा घेतला तर ८०० हेक्टर म्हणजे ८० लाख चौरस मीटर, गुणिले ३ मीटर, गुणिले ०.०२, असे ४८० टीसीएम येतात. एका पद्धतीने ४०० आणि दुसरीने ४८०, यात गोंधळून जाण्यासारखे काही नाही. दोन्ही आकडे एकाच पट्टीत बसत असतील तर कमी असलेला धरावा. दुपटी-तिपटीचा फरक आला तर मात्र शिवाराचे क्षेत्रफळ, विहिरींची निवड आणि पर्जन्यमापकाची जागा पुन्हा तपासावी.

बंधाऱ्यात दिसणारे पाणी वेगळे मांडावे. पाझर तलावाचे पाणी एकदा तलाव म्हणून आणि पुन्हा विहीर म्हणून असे दोनदा जमेत धरले गेल्याने कितीतरी ताळेबंद फुगतात. ते पाणी अडीअडचणीची शिल्लक म्हणून ठेवावे आणि त्यातलेही बरेचसे उन्हाने उडणार हे गृहीत धरावे.

खर्चाची बाजू

इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी माणसे, मग जनावरे, मग पिके. जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी दिवसाला ५५ लिटर धरले तर १,५०० वस्तीच्या गावाला वर्षाला ३० टीसीएम पाणी लागते. मोठ्या जनावराला दिवसाला ५० लिटर आणि शेळी-मेंढीला ५ लिटर धरून ६०० मोठी व ८०० लहान जनावरे असतील तर आणखी १२ ते १३ टीसीएम. म्हणजे सगळ्या गावाची आणि गोठ्यांची तहान ४३ टीसीएममध्ये भागते. उन्हाळ्यात त्याच गावात टँकर का येतो, याचे उत्तर या ओळीत नाही, पुढच्या ओळीत आहे.

मुरलेल्या पाण्यातले साधारण १० टक्के ओढ्या-नाल्यांत आपोआप झिरपून जाते, म्हणून ४० टीसीएम वजा करावेत. खरिपात पावसाने ओढ दिल्यावर पिकांना दिलेले पाणी वजा करावे. इथे ते २७ टीसीएम धरू. आता रब्बीसाठी उरले २९० टीसीएम. गव्हाला हंगामात ४५० मिलिमीटर, कांद्याला ५५० आणि हरभऱ्याला २५० मिलिमीटर पाणी धरले, तर हेक्टरी अनुक्रमे ४.५, ५.५ आणि २.५ टीसीएम होतात. २५ हेक्टर गहू, २० हेक्टर कांदा आणि २५ हेक्टर हरभरा यांना मिळून २८५ टीसीएम लागतात आणि पाणी जेमतेम पुरते. आता त्याच शिवारात १० हेक्टर ऊस आहे असे समजा. पावसाचा हिस्सा सोडूनही उसाला १,५०० मिलिमीटर द्यावे लागतात, म्हणजे हेक्टरी १५ आणि एकूण १५० टीसीएम. रब्बीचे निम्म्याहून अधिक पाणी तिथे गेले. गावाच्या पिण्याच्या गरजेच्या पाचपट.

प्रत्यक्षात कोणते पीक किती आहे हे विचारून नव्हे, पाहून भरावे. राज्यात २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणीत मोबाइलवरून आपले पीक नोंदवतात, ती यादी पहिला आधार म्हणून चांगली असते. पण विहिरीकाठचा अर्धा एकर लसूणघास तिच्यात सापडेलच असे नाही. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर तपशिलाची चित्रे विनामूल्य मिळतात आणि जानेवारीत हिरवा दिसणारा पट्टा लपत नाही. मोटरीचा उपसा मोजायचा असेल तर दोनशे लिटरचे पिंप किती सेकंदांत भरते ते पाहून चालवलेल्या तासांनी गुणावे. हे माप ओबडधोबड असले तरी ‘आमची मोटर थोडेच पाणी काढते’ या वाक्यापेक्षा ते बरे असते.

ठिबक आणि सौरपंप यांचे काय करावे

ठिबकने पिकाला दिलेल्या पाण्यातली गळती आणि बाष्पीभवन कमी होते, यात वाद नाही. परंतु वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने शेजारचा एकर भिजवला तर गावाच्या ताळेबंदात काहीच वाचत नाही, म्हणून ठिबकचा फायदा तेव्हाच जमेत धरावा जेव्हा भिजणारे क्षेत्र वाढलेले नाही. सौरपंपाचे कोडे याहून अवघड आहे. कर्ब उत्सर्जनाच्या वहीत तो सरळ जमेचा आहे, आणि रात्री-बेरात्री, साप-विंचवाच्या भीतीत पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येणे ही मोठी सुटका आहे. पाण्याच्या वहीत मात्र, ऊन फुकट असल्यामुळे आणि मोटर बंद करायला काही कारण न उरल्यामुळे, तोच पंप खर्चाच्या बाजूला जाऊन बसतो. माझ्या मते ज्या गावात ताळेबंद मांडला जातो तिथे सौरपंप निःशंकपणे घ्यावेत, आणि जिथे मांडला जात नाही तिथे पंपाच्या अर्जाबरोबरच पर्जन्यमापकही आणावे.

विंधन विहिरींबाबत कायदा आहे: महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९, ६० मीटरहून खोल विहिरींना आळा घालतो. तालुक्याच्या कार्यालयातून कोणी येऊन तो आपल्या बांधावर राबवील, या आशेवर राहू नये.

ग्रामसभेत मांडताना

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत परतीचा पाऊस अजून बाकी असतो, त्यामुळे तिथे फक्त आकड्यांची ओळख करून द्यावी आणि गहू-हरभऱ्याच्या पेरणीआधी, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, ताळेबंदासाठी वेगळी सभा घ्यावी. महिलांची बैठक त्याआधी घ्यावी. कोणता हातपंप फेब्रुवारीत आटतो, हे त्यांना नोंदवहीशिवाय सांगता येते. आकडे मुलांनीच वाचावेत. सरपंचाने वाचले की त्यात राजकारण दिसते.

विहीरमालकांना भीती असते की आज फीत सोडली, उद्या पट्टी लागेल. नोंदी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सर्वांना दिसतील अशा लिहाव्यात आणि त्यांचा वसुलीशी संबंध नाही हे पहिल्याच दिवशी ठरावात लिहून घ्यावे. ऊसवाल्याला गुन्हेगार ठरवू नये. हमखास दर असलेले दुसरे पीक त्याच्यापुढे नसते, हे खरे आहे. उभा ऊस राहू द्यावा, नवी लागण पातळी भरेपर्यंत थांबवावी, असा ठराव बहुधा टिकतो. सरसकट बंदीचा ठराव पहिल्या चांगल्या पावसात मोडतो. हिवरे बाजारने ऊस आणि केळी बंद केली आणि शेतीसाठी विंधन विहीर घ्यायची नाही असे ठरवले, पण त्यामागे पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखालील अनेक वर्षांचे पाणलोटाचे काम होते. ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांचे काय, हा प्रश्न पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने सत्तरच्या दशकात सोडवून दाखवला: पाणी जमिनीच्या नव्हे तर माणसांच्या हिशोबाने, माणशी अर्ध्या एकरापुरते, आणि भूमिहीनालाही त्यात वाटा. आपल्या गावाला तिथवर जाता येईल की नाही ते गावाने ठरवावे, परंतु तो पर्याय सभेपुढे ठेवावा.

मेअखेरीस त्याच विहिरी, त्याच खुणांपासून पुन्हा मोजाव्यात. ताळेबंदाप्रमाणे पिके घेऊनही पातळी मागील मेपेक्षा खाली गेली असेल, तर धरलेला १० टक्क्यांचा गुणक आपल्या खडकाला जास्त होता. पुढच्या वर्षी तो ८ करून हिशोब नव्याने मांडावा, आणि जुना आकडा खोडून न टाकता त्याच्याशेजारी नवा लिहावा.